हाकेला कोण येतं?

नागपूरहून बुटीबोरीमार्गे वर्ध्याला जाताना सेलूच्या अलीकडे केळझर लागतं. टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे हे गाव विदर्भभर माहीत आहे. विदर्भातल्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. गावाची दुसरी ओळख महाभारतातली. पांडव जिथे अज्ञातपणे राहिले ती एकचक्रानगरी म्हणजे हेच गाव, अशी इथली श्रद्धा आहे. देशातली आणखीही काही गावं हा मान आपला म्हणून सांगतात आणि इतिहासाच्या कसोटीवर कोणाचाच दावा पक्का ठरणार नाही. पण आपत्तीत माणसं एकमेकांसाठी का धावतात, या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर एकचक्रेच्या कथेइतकी चांगली सुरुवात दुसरी मिळणार नाही. ही कथा आदिपर्वात आहे आणि ती लोक समजतात त्याहून बरीच खोल आहे.

लाक्षागृहातून निसटलेले पांडव एकचक्रेत एका ब्राह्मणाच्या घरी आश्रयाला असतात. नगरीवर बकासुराचा जाच असतो. ठरल्या पाळीने एकेका घराने गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस त्याच्याकडे पाठवायचा असतो. यजमानांच्या घरावर पाळी येते तेव्हा बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. बोबडं बोलणारा धाकटा तर गवताची काडी उगारून राक्षसाला मारायला निघतो. हा आकांत कुंतीच्या कानी पडतो आणि ती भीमाला पाठवायचं ठरवते. युधिष्ठिर तिच्यावर चिडतो. ज्याच्या बळावर राज्य परत मिळवायचं, त्यालाच राक्षसाच्या तोंडी द्यायचं? कुंतीचं उत्तर शांत आणि मुद्देसूद आहे. या घरात आपण सुखरूप राहिलो, त्याची उतराई व्हायला हवी. भीमाची ताकद मी पाहिलेली आहे, तो हे काम करू शकतो. आणि दुसऱ्याचा जीव वाचवणं हा धर्म आहे.

त्या निर्णयामागे शेजार आहे, ऋणाची जाणीव आहे, आपल्याला हे जमेल हा भरवसा आहे आणि मूल्य आहे. समाजशास्त्रज्ञांनी शंभर वर्षं आपत्तींचा अभ्यास करून जी कारणं पुढे आणली, त्यातली बहुतेक इथे सापडतात. कथेत आणखी दोन गोष्टी आहेत, त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. या प्रदेशाचा राजा दुबळा आहे, तो रक्षण करत नाही, अशी तक्रार तो ब्राह्मण स्वतः करतो. आणि उरलेली नगरी वर्षानुवर्षं मुकाट्याने पाळी लावत राहिलेली आहे. कोण धावतं हे पाहताना कोण धावत नाही आणि का, हेही पाहावं लागतं.

केळझरसारख्या गावावर येणारं संकट दर वेळी बातमीत झळकणारं नसतं. पावसाळ्यात सापाचा दंश होतो, शेतात वीज पडते, रस्त्यावर दुचाकी ट्रकखाली येते, कोणी विहिरीत पडतं; बोरचं जंगल जवळ असल्याने वाघ दिसल्याची हाकाटीही उठते. अशा वेळी जखमीला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेणारा तरुण हाच पहिला स्वयंसेवक. मोठ्या आपत्तीही या भागाने पाहिल्या आहेत. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातलं मोवाड उद्ध्वस्त केलं. 204 माणसं गेली. 31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारात आग लागली, ती विझवताना अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले, आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं लेकराबाळांना घेऊन अंधारात घराबाहेर पडली. 2022 च्या जुलैत हिंगणघाट, समुद्रपूर भागाला पुराने वेढलं.

आधी एक जुना समज बाजूला सारला पाहिजे. आपत्ती आली की लोक भांबावतात, चेंगराचेंगरी करतात, लुटालूट करतात आणि सरकार येऊन त्यांना सावरतं, असं चित्र सिनेमांनी आणि काही अंशी प्रशासनानेही रंगवलं आहे. अभ्यास वेगळंच सांगतात. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात 6 डिसेंबर 1917 रोजी दारूगोळ्याच्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. तिथेच राहणाऱ्या सॅम्युअल प्रिन्स यांनी त्यावर 1920 मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला आणि आपत्तीच्या समाजशास्त्राची सुरुवात तिथून मानली जाते. 1963 मध्ये अमेरिकेत एन्रिको क्वारँटेली आणि सहकाऱ्यांनी आपत्ती संशोधन केंद्र सुरू केलं. शेकडो घटनांच्या अभ्यासातून या परंपरेने पुन्हा पुन्हा दाखवलं की घबराट आणि लुटालूट हा अपवाद असतो. बहुतेक माणसं पहिल्या काही मिनिटांतच एकमेकांना हात देऊ लागतात. व्यवस्थापनापुढचा खरा पेच बहुधा उलटा असतो, तो म्हणजे मदतीला आलेल्या गर्दीचं काय करायचं.

महाराष्ट्राचा अनुभवही हाच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला तेव्हा आदल्या रात्रीच्या गणपती विसर्जनानंतर गावं गाढ झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती कोसळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. लष्कर आलं, राज्यभरातून मदत आली, पण ते सगळं नंतर. पहिले हात वाचलेल्यांचेच होते. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, हे जगाला कळलं ते एका एसटी चालकामुळे; नेहमीच्या रस्त्याने आलेल्या त्या माणसाला गावच दिसेना. तिथेही यंत्रणा पोहोचेपर्यंत आजूबाजूच्या वाड्यांमधले लोक चिखलात उतरलेले होते.

जपानचं उदाहरण याहून बोलकं आहे. 17 जानेवारी 1995 च्या कोबेच्या भूकंपात सहा हजारांहून जास्त माणसं मेली. ढिगाऱ्यातून जे जिवंत निघाले त्यांतल्या बहुसंख्यांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढलं. अवाजी बेटावरच्या होकुदान या लहानशा गावात तर जवळपास तीनशे जणांना गावकऱ्यांनी आणि गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाने बाहेर काढलं आणि त्याच दिवशी शोधकार्य संपवलं. कारण कोणत्या घरात कोण कुठल्या खोलीत झोपतं हे त्यांना ठाऊक होतं. कुठे खणायचं हे शोधण्यात त्यांचा वेळ गेला नाही. आपल्या खेड्यात ही माहिती आजही प्रत्येकाकडे असते. म्हातारी ओसरीवर झोपते की माजघरात, बाळंतीण कुठल्या घरात आहे, ऐकू न येणारा माणूस कोणता, हे सांगायला तलाठ्याची वही लागत नाही. स्वयंसेवेच्या चर्चेत आपण मनाच्या मोठेपणाबद्दल फार बोलतो आणि या माहितीबद्दल फार कमी.

मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणांच्या याद्या केल्या आहेत. त्यातली सर्वाधिक वापरली जाणारी 1998 ची, गिल क्लॅरी आणि मार्क स्नायडर यांची. माणूस सेवाकार्याला का येतो याची त्यांनी सहा कारणं मांडली: मूल्यं, शिकण्याची ओढ, आपल्या माणसांत राहण्याची इच्छा, पुढच्या कामधंद्याला उपयोग, स्वतःच्या दुःखापासून किंवा अपराधीपणापासून सुटका, आणि स्वतःविषयी बरं वाटणं. यादी उपयोगी आहे, पण ती शांत काळातल्या सेवेसाठी केलेली आहे. विहिरीत पडलेलं पोर पाहून उडी टाकणारा माणूस यातलं एकही कारण मनात घोळवत नाही. दुसऱ्याला वाचवताना जीव धोक्यात घातल्याबद्दल अमेरिकेत कार्नेगी पदक दिलं जातं. त्या पदकाच्या मानकऱ्यांचे जबाब डेव्हिड रँड आणि झिव्ह एपस्टाइन यांनी 2014 मध्ये तपासले. बहुतेकांचं म्हणणं एकच निघालं: विचार केलाच नाही, आधी हात चालले.

म्हणून मला वाटतं की या प्रश्नाची उत्तरं काळाप्रमाणे वेगवेगळी घ्यावी लागतील. पहिल्या तासात माणूस धावतो कारण तो तिथे असतो, समोरच्याला ओळखतो आणि आपल्याला काहीतरी करता येईल असं त्याला वाटतं. पहिल्या आठवड्यात तो येतो कारण त्याला कोणीतरी बोलावतं किंवा तो एखाद्या गटाचा असतो. महिन्या-वर्षानंतरही जो टिकतो त्याच्या बाबतीत मूल्यं, शिकणं, मान, अर्थ या गोष्टी येतात. सरकारी योजना आखणारे तिसऱ्या टप्प्याची प्रेरणा पहिल्या टप्प्याला लावतात, तिथे घोळ होतो.

पहिल्या तासातल्या मौनाचाही अभ्यास झालेला आहे. 1968 मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी प्रयोगांतून दाखवलं की बघे जितके जास्त, तितकी प्रत्येकाची जबाबदारीची भावना पातळ होते. दुसरा कोणीतरी करेल असं वाटतं. हा निष्कर्ष पुढे पाठ्यपुस्तकांत गेला आणि जणू मानवी स्वभावाचा कायदा ठरला. 2019 मध्ये रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन या शहरांतल्या रस्त्यावरच्या भांडणांची 219 सीसीटीव्ही चित्रणं पाहिली. दहातल्या नऊ घटनांत कोणीतरी मध्ये पडलं होतं, आणि लोक जास्त तेव्हा मदत मिळण्याची शक्यताही जास्त होती. दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले तर चित्र नीट दिसतं. एकट्या माणसाचं मन गर्दीत कचरतं, पण गर्दीत एक तरी माणूस असा असतो जो पुढे होतो, आणि तो पुढे झाला की बाकीचे हलतात. आपल्याकडे म्हणूनच पहिला आवाज देणाऱ्याला महत्त्व आहे. ‘अरे, धरा रे’ म्हणणारा एक जण लागतो.

हा एक जण कुठून येतो? अमेरिकी अभ्यासक डॅनियल ऑल्ड्रिच यांनी कोबेतल्या दोन वस्त्यांची तुलना केली आहे. भूकंपानंतर आगी पसरल्या तेव्हा मानो वस्तीतल्या रहिवाशांनी रांगा लावून बादल्यांनी पाणी ओतलं आणि आग अडवली. मिकुरा वस्तीतले लोक आपली घरं जळताना पाहत उभे राहिले. दोन्हीकडची माणसं सारखीच गरीब-मध्यम होती, धोका सारखाच होता. फरक होता तो आधीच्या तीस वर्षांचा. मानोत 1960 च्या दशकात कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध चळवळ झाली होती, त्यातून बैठका, समित्या, एकत्र काम करण्याची सवय उरली होती. मला हा या विषयातला सर्वांत मोलाचा पुरावा वाटतो, कारण तो स्वयंसेवेचं मूळ माणसाच्या स्वभावात शोधत नाही. गावाने आधी काय एकत्र केलं आहे, तिथे शोधतो.

वर्धा जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. उल्हास जाजू यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस खेड्यांसाठी आरोग्य विमा सुरू केला, त्याची वर्गणी सुगीला ज्वारीच्या रूपात गोळा होत असे. कोणावर आजारपण येईल हे माहीत नसताना सगळ्यांनी पायलीतून काढून ठेवायचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाने विदर्भातल्या गावोगावी सामुदायिक प्रार्थनेभोवती माणसं जमवली. अलीकडच्या काळात 2017 मध्ये आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या गावाने श्रमदानाच्या बळावर पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. ही कामं आपत्तीची नव्हती. पण भर उन्हात रोज कुदळ घेऊन कोण येतं, कोण तोंडदेखलं येतं, कोणाच्या शब्दाला बाया मान देतात, कोणाचा ट्रॅक्टर मागितल्यावर मिळतो, हे अशा गावाला माहीत झालेलं असतं. पूर आल्यावर हे नव्याने शोधायला वेळ नसतो.

बोलावणं ही दुसरी मोठी गोष्ट. माणसं का आली नाहीत असं विचारलं तर अनेकदा उत्तर मिळतं, कोणी सांगितलंच नाही. नाशिक भागात सुरू होऊन राज्यभर गेलेली ग्रामसुरक्षा यंत्रणा याच जागी काम करते. संकटात सापडलेल्याने ठरलेल्या क्रमांकावर फोन केला की त्याचा आवाज त्याच क्षणी परिसरातल्या नोंदणी झालेल्या सगळ्या मोबाइलवर वाजतो. जुन्या काळी मंदिराची घंटा किंवा दवंडी जे करत होती तेच इथे फोन करतो. निरोप आपल्यापर्यंत आला आणि तो ओळखीच्या आवाजात आला, की घरात बसून राहणं अवघड होतं.

गटाची ताकद पाहायची तर सह्याद्रीत जावं. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स, अशा गिर्यारोहकांच्या गटांनी दरीत पडलेल्यांना काढण्याचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली आणि 30 जण गेले, तेव्हा खोल दरीत दोर लावून उतरणारे हेच लोक होते. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली त्या रात्रीही पावसात चढून जाणाऱ्यांत गिर्यारोहक होते. खोपोलीची ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ ही संस्था मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हेच करते. कोल्हापूरच्या व्हाइट आर्मीचं नाव पुरांत आणि भूकंपांत सतत येतं. यांच्या प्रेरणेत कौशल्याचा वाटा मोठा आहे. ज्याला दोर बांधता येतो त्याला दरीतून हाक ऐकू आली तर न जाणं छळतं. कुंतीने भीमाची ताकद जाणली होती, तसाच हा भरवसा आहे, आणि तो प्रशिक्षणाने निर्माण करता येतो. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेचा पाया इथेच आहे: 2016 मध्ये 30 पूरप्रवण जिल्ह्यांत सहा हजार स्वयंसेवक तयार करण्यापासून सुरुवात झाली, मग 350 जिल्ह्यांत एक लाखांचं उद्दिष्ट आलं. बारा दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा असं तिचं स्वरूप आहे. कल्पना योग्य आहे. प्रशिक्षणानंतर त्या तरुणाला वर्षभर कोणी विचारलं नाही, तर मात्र संच माळ्यावर जातो.

किल्लारीकडे पुन्हा वळावं लागेल, कारण तिथे स्वयंसेवेचं एक अपूर्व रूप दिसलं. घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या सरकारी कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर-उस्मानाबादच्या गावांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. ज्या बायका तोवर ग्रामसभेत मागे बसत, त्या भिंतीला कोपऱ्यात कसे दगड लावायचे, सिमेंट किती आणलं, गवंडी काय करतो आहे, हे तपासू लागल्या. 26 जानेवारी 2001 ला भुजला भूकंप झाला तेव्हा यांतल्या बायका गुजरातेत गेल्या. त्यांना गुजराती येत नव्हती. पण घर पडल्यावर पहिल्या महिन्यात काय होतं, कुठल्या कागदासाठी भांडायचं, पुरुष दारूला लागतात तेव्हा घर कसं धरायचं, हे त्यांना ठाऊक होतं. मानसशास्त्रज्ञ अर्विन स्टॉब यांनी दुःख भोगण्यातून जन्मणाऱ्या परोपकाराबद्दल लिहिलं आहे. लातूरच्या बायका त्याचा जिताजागता दाखला आहेत. त्यातही महत्त्वाचं हे की त्यांचं दुःख कोणीतरी कौशल्यात बदलून दिलं होतं. नुसतं दुःख माणसाला मिटवूनही टाकतं.

इथवरचं चित्र उजळ आहे. दुसरी बाजू दडवून चालणार नाही. मदत ‘आपल्या’ माणसाला होते आणि ‘आपला’ कोण याची रेघ आधीच मारलेली असते. ब्रिटिश अभ्यासक जॉन ड्र्युरी यांनी 2005 च्या लंडन बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांशी बोलून दाखवलं की संकट सगळ्यांवर सारखं आहे असं वाटलं की अनोळखी माणसंही घटकाभर एक होतात. पण हे घटकाभराचं असतं. 2020 च्या टाळेबंदीत ही दोन्ही टोकं एकाच रस्त्यावर दिसली. गावाच्या वेशीवर बाभळीचे काटे टाकून, बैलगाड्या आडव्या लावून गावबंदी झाली; मुंबई-पुण्याहून परतलेल्या स्वतःच्या पोरालाही आत घेतलं नाही. आणि त्याच काळात नागपूरच्या आसपास महामार्गांवर आणि टोलनाक्यांवर उत्तर प्रदेश, छत्तीसगडकडे पायी निघालेल्या मजुरांसाठी भाकरी-भाजीची पातेली चढली, चपला वाटल्या गेल्या. भीती आणि करुणा एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात नांदत होती. रस्त्यावरून पुढे निघून जाणाऱ्याला जेवू घालणं सोपं जातं. जो आत येऊन राहणार आहे त्याची भीती वाटते.

आपल्याकडे जातीची रेघ तर त्याहून जुनी. म्हणून 1897 च्या प्लेगमधली सावित्रीबाई फुले यांची कृती मला या सगळ्या आढाव्यात फार उंच वाटते. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्या आपले चिरंजीव यशवंतराव यांच्या दवाखान्यात आल्या, त्याच साथीने 10 मार्चला त्यांचा मृत्यू झाला. त्या क्षणी उसळलेली ती ऊर्मी नव्हती. पन्नास वर्षांच्या कामाने त्यांची ‘आपली’ माणसं कोण हे ठरवून ठेवलं होतं. गावात स्वयंसेवकांची यादी करताना ती सगळ्या वस्त्यांमधून झाली आहे का, हा प्रश्न म्हणूनच पहिल्यांदा विचारला पाहिजे. ज्या मोहल्ल्यातला एकही माणूस यादीत नाही, त्या मोहल्ल्यापर्यंत मदत शेवटी पोहोचते.

आता न धावणाऱ्यांविषयी. रस्त्यावरच्या अपघातात माणूस गाडी थांबवत नाही, तेव्हा आपण त्याला दगडाच्या काळजाचा म्हणतो. सेव्हलाइफ फाउंडेशनने 2013 मध्ये केलेल्या पाहणीत 74 टक्के लोकांनी जखमीला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचं सांगितलं होतं. आणि त्यांतल्या 88 टक्क्यांनी कारण दिलं ते पोलिसांची चौकशी आणि कोर्टाचे खेटे. काळीज जागेवर होतं, नसत्या झेंगटाची भीती होती. याच संस्थेच्या याचिकेवर 30 मार्च 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक रूप दिलं. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आलं. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर खटला होत नाही, त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. हा कायदा होऊन वर्षं झाली, तरी रस्त्याकाठच्या गावांत तो किती जणांना ठाऊक आहे? शाळेच्या भिंतीवर पाण्याची बचत आणि साक्षरतेच्या घोषणा असतात, तिथे ही दोन वाक्यं लिहायला किती रंग लागेल?

केळझरच्या परिसरासाठी हा प्रश्न आता जास्त तातडीचा आहे. जुन्या रस्त्यावर अपघात झाला की पानटपरीवरचे, बसथांब्यावरचे, शेतातले लोक दोन मिनिटांत पोहोचतात. सेलू तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग दोन्ही बाजूंनी कुंपण घालून बंद केलेला आहे. वेगासाठी आणि गुरंढोरं आत येऊ नयेत म्हणून ते लागतंच. परंतु त्या कुंपणाने गाव आणि अपघात यांच्यात भिंत उभी केली. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. त्यांत वर्धा जिल्ह्यातलेही होते. अशा रस्त्यांवर शेजार नसतो. तिथली पहिल्या तासाची मदत पूर्णपणे यंत्रणेच्या हातात जाते, आणि ती यंत्रणा दर काही किलोमीटरवर चोख नसेल तर लोकांच्या माणुसकीला दोष देण्यात अर्थ नाही. महामार्गालगतच्या गावांतल्या प्रशिक्षित तरुणांना ठरावीक जागी कुंपणाचं फाटक उघडून आत येता यावं, अशी सोय झाली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

मदत करणाऱ्याला बक्षीस द्यावं का? ऑक्टोबर 2021 पासून केंद्राने अपघातग्रस्ताला वेळेत दवाखान्यात नेणाऱ्यासाठी पाच हजार रुपयांचं पारितोषिक ठेवलं, पुढे ते पंचवीस हजारांवर नेलं. रिचर्ड टिटमस यांनी 1970 मध्ये रक्तदानाचा अभ्यास करून इशारा दिला होता की पैसा आला की दानाची भावना मागे सरते. तो वाद आजही सुरू आहे. मला वाटतं, बक्षिसाने नुकसान होणार नाही, पण ते मूळ दुखण्यावरचं औषधही नव्हे. रक्ताने माखलेली गाडीची सीट, बुडालेली रोजी, डिझेलचा खर्च, हे भरून देणं म्हणजे सेवेचा मोबदला नव्हे. सेवा करणाऱ्याला खड्ड्यात न घालणं आहे. त्याच न्यायाने आशा सेविकांचा प्रश्न आहे. शासनाच्या कागदावर त्या स्वयंसेविका आहेत. कोरोनात घरोघरी जाऊन तपासणी त्यांनी केली, रोष त्यांनी सोसला, आणि मानधनासाठी 2021 च्या जूनमध्ये त्यांना संप करावा लागला. बाईच्या सेवाभावावर राज्याने आपली नेहमीची यंत्रणा स्वस्तात चालवणं ही स्वयंसेवा नाही, हे ठामपणे म्हटलं पाहिजे.

सर्वांत कठीण गोष्ट शेवटी. 8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ गावाला कृष्णेच्या पुराने वेढलं होतं. गावकऱ्यांना बाहेर काढणारी ग्रामपंचायतीची बोट क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेऊन निघाली आणि उलटली. 17 जणांचा मृत्यू झाला. बोट गावाची होती, हेतू जीव वाचवण्याचा होता, काठावर उभे असलेले सगळे ओळखीचे होते आणि ‘तू नको येऊस’ असं ओळखीच्या माणसाला म्हणणं कोणालाच शक्य झालं नसेल. ज्या आपलेपणाने गाव धावतं, त्याच आपलेपणाने बोट जड होते. जीवरक्षक जाकिटं, बोटीत किती माणसं बसतील याची ठळक खूण, आणि नाही म्हणण्याचा अधिकार असलेला एक प्रशिक्षित माणूस, एवढं असतं तर? प्रेरणा पुरेशी आहे असं मानणाऱ्या प्रत्येक योजनेने ब्रह्मनाळ लक्षात ठेवावं. लोकांच्या धावण्यावर विसंबायचं आणि त्यांच्या हातात काहीच द्यायचं नाही, हा एकचक्रेच्या राजाचा कारभार झाला.

केळझरच्या आणि आसपासच्या गावांतल्या वाचकांना, सरपंचांना आणि तरुण मंडळांना म्हणून एक विनंती आहे. महाराष्ट्रात 1 मे रोजी ग्रामसभा होते, पावसाळ्याला तेव्हा महिनाभर अवकाश असतो. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. पोहता कोणाला येतं, ट्रॅक्टर आणि चारचाकी कोणाकडे आहे, प्रथमोपचार कोण शिकलं आहे, साप पकडणारा कोण, रात्री फोन उचलणारे कोण, याची यादी प्रत्येक वस्तीतून करा आणि पंचायतीच्या भिंतीवर लावा. एकट्या म्हाताऱ्यांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची घरं त्या यादीतल्या माणसांना वाटून द्या. ग्रामसुरक्षा यंत्रणेत घरटी एक क्रमांक नोंदवा. कलम 134 अ बसथांब्यावर मराठीत रंगवून घ्या. दोर, जाकिटं आणि विजेऱ्या कुठे ठेवल्या आहेत आणि किल्ली कोणाकडे आहे, हे शाळेतल्या पोरांनाही सांगून ठेवा. आणि या स्वयंसेवकांचा विमा उतरवण्यासाठी तहसील कार्यालयाकडे लेखी मागणी करा. तिची पोच घ्यायला विसरू नका.